दोन वाटसरू : निळा वाघ आणि करडा धोबी

बंगळूर शहराच्या आग्नेयेस, कोरमंगल आणि आगरा ही वस्ती मागे टाकून, एक रस्ता आनेकल तालुक्यातील सर्जापूर या गावाकडे जातो. गावाच्याच नावाने तो ओळखला जातो. सर्जापूरची जुनी ख्याती तेथील विणकरांच्या कापडाची. सर्जापूर रस्त्याची आजची ख्याती मात्र उंच इमारती, संगणक-व्यवसायाच्या कचेऱ्या आणि तासन्‌तास खोळंबणारी वाहने यांची आहे. या रस्त्याने रोज जाणाऱ्या-येणाऱ्यांत महाराष्ट्रातून पोटापाण्यासाठी आलेली मराठी माणसेही पुष्कळ आहेत. परगावाहून येऊन येथे राहणे ही या वस्तीची रीतच होऊन बसली आहे. परंतु या रीतीचे खरे जुने पाईक माणसे नव्हेत. माणसांच्या कितीतरी आधीपासून या भूमीवर दोन वाटसरू ठरलेल्या ऋतूत येत आले आहेत. एक आहे फुलपाखरू, दुसरा आहे पक्षी. एकाला इंग्रजीत ‘ब्लू टायगर’ म्हणतात. त्याला मराठीत निळा वाघ म्हणावयास हरकत नाही. दुसऱ्याला मराठी पक्षिवाङ्‌मयात करडा धोबी हे नाव आहे.

या दोघांची तुलना प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. एक कीटक, दुसरा पृष्ठवंशी. एक फुलांतील रस पिणारा, दुसरा माश्या-चिलटे टिपणारा. निळ्या वाघाचे वजन एका ग्रॅमच्याही आत भरते. करडा धोबी शेपटीच्या टोकापर्यंत मोजला तर वीतभर लांब आणि वजनाने पंधरा-वीस ग्रॅम. दोघांत साम्य एवढेच की दोघेही प्रवासी आहेत. आणि या एका साम्यातच त्यांच्यातील सर्वांत मोठा भेद दडलेला आहे. तो भेद माणसाला कळावयास पुष्कळ शतके लागली. त्या कळण्याचा इतिहास हाच येथील विषय होय.

धोब्याचे भारतीय वाङ्‌मयातील स्थान जुने आहे. संस्कृतातील ‘खंजन’ तो हाच, म्हणजे या कुळातील पक्षी. सुंदर आणि चंचल डोळ्यांना कवींनी खंजनाची उपमा वारंवार दिली. सहाव्या शतकातील वराहमिहिराने आपल्या ‘बृहत्संहिते’त खंजनाच्या दर्शनावर एक स्वतंत्र अध्यायच लिहिला. वर्षाकाठी हा पक्षी प्रथम कोठे दिसला, कमळांवर दिसला की राखेच्या ढिगावर, त्यावरून शुभाशुभ फल सांगण्याची पद्धती त्यात वर्णिली आहे. पुढे सोळाव्या शतकात तुलसीदासांनी शरद ऋतूचे वर्णन करताना खंजनाच्या आगमनाचा उल्लेख केला. शकुनाचा भाग बाजूला ठेवला, तरी या उल्लेखांत एक चोख निरीक्षण आहे. हा पक्षी वर्षभर दिसत नाही. पावसाळा सरता-सरता तो एकाएकी प्रकट होतो. ‘प्रथम दर्शना’ला महत्त्व येते ते जो मधल्या काळात नाहीसा होतो त्याच्याच. नाहीसा होऊन तो जातो कोठे, हा प्रश्न मात्र शकुनशास्त्राने विचारला नाही.

युरोपात तो प्रश्न विचारला गेला, पण उत्तरे अद्‌भुत मिळाली. ॲरिस्टॉटलसारख्या तत्त्ववेत्त्याने असे मानले की हिवाळ्यात एका जातीचा पक्षी दुसऱ्या जातीत रूपांतर पावतो. पाकोळीसारखे उडणारे स्वॅलो पक्षी हिवाळा पाण्याखाली झोपून काढतात, ही समजूत तर अठराव्या शतकापर्यंत टिकली. सर्व प्राणिसृष्टीला शिस्तवार नावे देणारा लिनियस हाही त्या समजुतीतून सुटला नव्हता. ज्याने नावे दिली, त्याला ठिकाणे ठाऊक नव्हती. शास्त्राच्या इतिहासात असे पुष्कळदा घडते.

फुलपाखराच्या वाट्याला खंजनासारखा मान आला नाही. संस्कृत काव्यात पतंग आहे, पण तो दिव्यावर झेप घेऊन जळणारा; त्याच्या जीवनाचे तात्पर्य एका रात्रीत संपते. ज्याचे आयुष्य इतके अल्प, त्याला प्रवास कसला असणार, असे माणसाने गृहीत धरले असावे. फुलपाखरू म्हणजे क्षणभंगुरतेचे चित्र, एवढ्यावरच बहुतेक भाषांतील कवी थांबले.

नामकरणाचा काळ दोघांनाही जवळजवळ एकच लाभला. करड्या धोब्याला शास्त्रीय नाव मिळाले ते १७७१ साली, टन्स्टल या इंग्रज निसर्गप्रेमीकडून. निळ्या वाघाचे वर्णन १७७५ साली पीटर क्रॅमर या डच व्यापाऱ्याने आपल्या परदेशी फुलपाखरांच्या सचित्र ग्रंथात केले. पुढे १८८० साली फ्रेडरिक मूर याने या फुलपाखराच्या प्रजातीला जे नाव दिले ते भारतीय कानांना ओळखीचे आहे. ते नाव ‘तिरुमल’. मूर हा ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील संग्रहालयात पूर्वी काम केलेला गृहस्थ. टाचणीने टोचून आलेल्या नमुन्यांवर त्याचे सारे शास्त्र उभे होते. परंतु टाचणीने टोचलेले फुलपाखरू कोठून आले एवढे सांगते. कोठे निघाले होते ते सांगत नाही.

१८८३ साली मुंबईत आठ जणांनी एकत्र येऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे महाराष्ट्रीय होते. या संस्थेच्या नियतकालिकामुळे एक गोष्ट साध्य झाली. जंगल खात्यातील अधिकारी, जकात खात्यातील अंमलदार, चहाच्या मळ्यातील व्यवस्थापक अशा विखुरलेल्या माणसांनी पाहिलेल्या किरकोळ गोष्टी एका ठिकाणी छापल्या जाऊ लागल्या. कचेरीतील माणूस नोंदीची किंमत जाणतो. एकटी नोंद मुकी असते. शंभर नोंदी शेजारी-शेजारी ठेवल्या की त्या बोलू लागतात. दक्षिण हिंदुस्थानच्या डोंगरांतून फुलपाखरांचे थवे एकाच दिशेने जाताना दिसल्याच्या नोंदी अशाच साचत गेल्या. १९३० साली सी. बी. विल्यम्स यांनी फुलपाखरांच्या स्थलांतरावर एक मोठा ग्रंथ सिद्ध केला आणि जगभरच्या अशा विखुरलेल्या नोंदींना प्रथमच शास्त्राची बैठक मिळाली.

पक्ष्यांच्या बाबतीत मात्र याआधीच एक साधा आणि क्रांतिकारक उपाय सापडला होता. डेन्मार्कमधील व्हीबोर्ग या गावी मॉर्टेन्सन नावाचे एक शाळामास्तर होते. १८९९ साली त्यांनी स्टार्लिंग या मैनेच्या कुळातील गाणाऱ्या पक्ष्यांच्या पायात ॲल्युमिनियमची हलकी कडी घातली. प्रत्येक कड्यावर क्रमांक आणि गावाचे नाव कोरलेले होते. या क्षुल्लक वाटणाऱ्या कृतीने पक्षिशास्त्राचे रूप पालटले. तोपर्यंत ‘एक जात’ हिवाळ्यात येते एवढेच म्हणता येत होते. आता ‘हा एक पक्षी’ आला असे म्हणता येऊ लागले. जातीच्या इतिहासातून व्यक्तीचे चरित्र वेगळे निघाले.

हिंदुस्थानात हा प्रयोग विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात धार संस्थानात सुरू झाला. पवारांच्या या मराठा संस्थानात महाराजांच्या पुढाकाराने पाणबदकांच्या पायात कडी घातली गेली आणि मुंबईच्या संस्थेने त्या कामाचा पाठपुरावा केला. शिकारीच्या तलावाचा असा शास्त्रीय उपयोग त्या काळी दुर्मिळच म्हणावा लागेल. पुढे डॉ. सालिम अली यांनी मुंबईच्या उपनगरातील एका घरापुढच्या लहानशा हिरवळीवर येणाऱ्या करड्या धोब्याच्या पायात कडे घातले. तो पक्षी लागोपाठच्या हिवाळ्यांत त्याच हिरवळीवर परत येत राहिला. करड्या धोब्याची वीण हिमालयातील आणि त्याहूनही उत्तरेकडील डोंगरी ओढ्यांच्या काठी होते. दीड-दोन हजार किलोमीटरांची वाट तुडवून, सारी मुंबई ओलांडून, त्याने आपले ते काही हात लांबीरुंदीचे अंगण बिनचूक गाठावे, ही गोष्ट कोणत्याही शकुनापेक्षा अधिक विस्मयकारक आहे.

कड्यांच्या या इतिहासात कर्नाटकाचा एक गंभीर अध्याय आहे. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसांना तीव्र ताप येऊ लागला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने रोगाचा विषाणू शोधून काढला. रशियात वसंत व ग्रीष्म ऋतूंत मेंदूज्वर निर्माण करणाऱ्या विषाणूंशी त्याचे जवळचे नाते दिसले आणि लगेच एक शंका उभी राहिली. उत्तरेकडून येणारे पक्षीच आपल्या अंगावरील गोचिडांतून हा रोग घेऊन आले नसतील ना? ती शंका तपासण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने, सालिम अलींच्या नेतृत्वाखाली, १९५९ पासून मुंबईच्या संस्थेने पक्ष्यांना कडी घालण्याचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. ज्याला हे कडे सापडेल त्याने मुंबईस कळवावे, अशा अर्थाचे शब्द कोरलेली कडी हजारो पक्ष्यांच्या पायांतून देशोदेशी गेली, आणि पुढे सोव्हिएत संघराज्याच्या दूरदूरच्या प्रांतांतून कडी सापडल्याच्या वार्ता मुंबईस येऊ लागल्या.

पक्ष्यांवरील आरोप मात्र सिद्ध झाला नाही. हा विषाणू त्याच जंगलातील गोचिडांत आणि लहान प्राण्यांत नांदणारा निघाला. जंगलात माणसाची व गुरांची ये-जा वाढली तसा तो माणसापर्यंत पोहोचला. हाच रोग ‘माकडताप’ या नावाने २०१६ नंतर सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग आणि बांदा या भागांतही परिचित झाला. परक्या पाहुण्यावर आळ घेणे सोपे असते. घरातील बदलाकडे पाहणे अवघड जाते. परंतु एका चुकीच्या संशयातून भारतीय पक्षिशास्त्राला स्थलांतराच्या ज्ञानाचा मोठा ठेवा मिळाला, हेही तितकेच खरे.

फुलपाखराच्या पायात कडे घालता येत नाही. त्याच्या पंखावर कागदाची चिठ्ठी डकवावी, ही कल्पना कॅनडातील टोरांटोचे प्राध्यापक फ्रेड उर्क्वार्ट आणि त्यांच्या पत्नी नोरा यांनी उचलून धरली. पहिल्या चिठ्ठ्या टपालाच्या तिकिटासारख्या डिंकाच्या होत्या; पावसात त्या गळून पडल्या. मग अधिक चिकट चिठ्ठ्या आल्या, शेकडो स्वयंसेवक मिळाले, आणि या दांपत्याने जवळजवळ चाळीस वर्षे मोनार्क या फुलपाखराचा माग काढला. २ जानेवारी १९७५ रोजी मेक्सिकोच्या उंच डोंगरात त्यांच्या सहकाऱ्यांना ती राई सापडली, जेथे झाडांची खोडेच्या खोडे मोनार्कांनी झाकली होती. पुढल्या वर्षी, १९७६ साली, उर्क्वार्ट स्वतः तेथे गेले असता त्यांना पंखावर चिठ्ठी असलेले एक फुलपाखरू मिळाले. ती चिठ्ठी अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात आदल्या उन्हाळ्यात डकवलेली होती.

मोनार्क आणि निळा वाघ हे एकाच उपकुळातील भाऊबंद होत. परंतु मोनार्कला पळवते ती थंडी. निळ्या वाघाला हलवतो तो पाऊस. दक्षिण भारताचा नकाशा डोळ्यांपुढे आणला म्हणजे हे स्पष्ट होते. पश्चिमेस सह्याद्रीची भिंत आहे. मृगाच्या पावसाने तिच्या माथ्यावर जो कहर होतो त्याचे माप आगुंब्याला पाहावे. तेथे वर्षाकाठी सुमारे सात हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पूर्वेस मैदाने आणि पूर्वघाटाचे तुटक डोंगर आहेत. तेथे नैर्ऋत्य मोसमी पाऊस बेताचा, आणि मुख्य पाऊस शरदानंतर ईशान्येकडून येणारा. या दोहोंच्या मध्ये, समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीच्या पठारावर, बंगळूर आहे. त्याचा वार्षिक पाऊस हजार मिलिमीटरांच्या आसपास. सह्याद्रीच्या धो-धो पावसात पंखांनी तगणे कठीण. म्हणून एप्रिल ते जून या महिन्यांत, मृगाच्या आगेमागे, निळे वाघ आणि त्यांचे सोबती पूर्वेकडे निघतात. पावसाळा ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, ओघ पश्चिमेकडे वळतो. ये-जा करणाऱ्या या प्रवाहाची वाट बंगळूरच्या पठारावरून जाते.

हा प्रवाह एकाच जातीचा नसतो. निळ्या वाघासारखाच पण गडद रंगाचा त्याचा एक सख्खा भाऊ त्यात बहुसंख्य असतो; शिवाय ‘क्रो’ या नावाने ओळखली जाणारी काळपट-तपकिरी फुलपाखरे बरोबर असतात. या प्रवाहांत कोणत्या जाती किती, त्यांत नर किती आणि माद्या किती, ते कोणत्या दिशेने जातात, याचा पद्धतशीर अभ्यास डॉ. कृष्णमेघ कुंटे यांनी २००५ साली मुंबईच्या संस्थेच्याच नियतकालिकात प्रसिद्ध केला. पुढे बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विषय अधिक खोलात नेला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की प्रवासाला निघालेल्या माद्यांच्या शरीरात अंड्यांवर होणारा खर्च आखडलेला असतो आणि उडण्याच्या स्नायूंकडे अधिक बळ गेलेले असते. घर बदलताना सुज्ञ गृहिणी जशी पाळणा आधी बांधून ठेवते, तशीच ही निसर्गाची व्यवस्था. मुक्कामी पोहोचल्यावर पाळणा पुन्हा हलतो. पूर्वेच्या मैदानात वीण होते. अंड्यापासून पंख फुटेपर्यंत महिनाभर पुरतो. आणि पावसाळ्यानंतर सह्याद्रीकडे परतणाऱ्या ओघात त्या विणीतील नवी पिढी असते.

येथेच दोन वाटसरूंमधील भेद उघड होतो. करडा धोबी परत येतो तो स्वतः येतो. भाद्रपदात तो दख्खनच्या पठारावर उतरतो, सात-आठ महिने एखाद्या ओढ्याच्या किंवा तलावाच्या काठी काढतो, चैत्राच्या सुमारास उत्तरेकडे निघतो, आणि जगला-वाचला तर पुढच्या वर्षी त्याच काठावर हजर होतो. निळ्या वाघाच्या बाबतीत परत येते ती त्याची पिढी. जो निघाला त्याने शेवट पाहिला नाही; ज्याने शेवट गाठला त्याने आरंभ पाहिला नव्हता. एकाच्या प्रवासाला आठवण आहे, दुसऱ्याच्या प्रवासाला वारसा आहे.

हा भेद केवळ काव्यमय कल्पनेचा नाही. पक्ष्यांवरील एका मोठ्या प्रयोगाने त्याची दुसरी बाजूही दाखवून दिली. हॉलंडमधील पक्षिशास्त्रज्ञ पर्डेक यांनी १९४८ ते १९५७ या काळात शरद ऋतूत हेग शहराजवळ स्टार्लिंग पक्षी पकडले, त्यांच्या पायांत कडी घातली आणि विमानाने स्वित्झर्लंडमध्ये नेऊन सोडून दिले. पक्ष्यांची संख्या अकरा हजारांच्या वर होती. १९५८ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. ज्या प्रौढ पक्ष्यांनी पूर्वी एकदा तरी हिवाळी मुक्काम पाहिला होता, ते दिशा बदलून आपल्या नेहमीच्या मुलखाकडे वळले. जे त्याच वर्षी जन्मलेले होते, ते हॉलंडहून जी दिशा धरली असती तीच धरून सरळ गेले आणि भलत्याच प्रदेशात, स्पेनच्या बाजूस, पोहोचले. म्हणजे पहिल्या प्रवासाला निघणारे पिलू फुलपाखराच्याच योग्यतेचे असते. त्याच्याजवळ रक्तातून आलेली दिशा असते, ठिकाण नसते. एक वर्ष जगल्यावर त्या दिशेला ठिकाणाची जोड मिळते. फुलपाखराला ते दुसरे वर्ष मिळत नाही. म्हणून त्याच्या जातीने सारे शहाणपण दिशेतच साठवले. मोनार्कवरील संशोधनाने दाखवून दिले आहे की सूर्याची जागा तासागणिक बदलते, तरी त्यावरून नेमकी दिशा काढण्याचे घड्याळ या कीटकाच्या मिशांत असते. एवढ्याशा देहात पंचांग आणि होकायंत्र ही दोन्ही आहेत. स्मरणवही तेवढी नाही.

या दोघांच्या स्वभावात दिसणारा आणखी एक फरक संरक्षणाचा आहे. करडा धोबी सावध पक्षी आहे. पाण्याच्या कडेने तो तुरुतुरु धावतो, शेपूट सतत वरखाली हलवतो आणि चाहूल लागताच बारीक ‘चिट्-चिट्’ करीत लाटांसारखा खालीवर होत उडून जातो. शास्त्रदृष्ट्या तो गाणाऱ्या पक्ष्यांच्या मोठ्या गणात मोडतो. परंतु त्याचे खरे गाणे विणीच्या ओढ्याकाठी, हिमालयात. बंगळूरकरांना तो गवई म्हणून क्वचितच भेटतो. निळा वाघ मात्र भर दिवसा, सर्वांना दिसेल असा संथपणे उडतो. त्याची निर्भयता अंगातील विषाची आहे. त्याची अळी हरणदोडीसारख्या चिकाळ वेलींवर वाढते. शिवाय खुळखुळा आणि भुरुंडी या रानटी झाडांच्या सुकलेल्या भागांतून नर फुलपाखरे काही कडू अल्कधर्मी द्रव्ये शोषून घेतात. त्यांतूनच मादीला आकर्षून घेणारा गंध तयार होतो. असे कडू फुलपाखरू एकदा चाखलेला कीटकभक्षी पक्षी पुन्हा त्या वाटेला सहसा जात नाही. मोनार्क खाऊन ओकारी काढणाऱ्या निळ्या जे पक्ष्यावर अमेरिकेतील लिंकन ब्रॉवर यांनी केलेले प्रयोग या बाबतीत प्रसिद्ध आहेत.

यातील गंमत अशी की फुलपाखराचे रक्षण होते ते पक्ष्याच्या स्मरणशक्तीमुळे. ज्याच्यापाशी आठवण नाही, तो दुसऱ्याच्या आठवणीच्या आधाराने सुरक्षित राहतो. फ्रित्झ म्यूलर या जर्मन शास्त्रज्ञाने १८७९ साली हेच सूत्र मांडले. अनेक कडू जाती एकमेकींसारख्या दिसू लागल्या, तर पक्ष्याला धडा शिकवण्याचा खर्च सर्वांत वाटला जातो. बंगळूरवरून जाणाऱ्या प्रवाहात निळा वाघ आणि त्याचा गडद भाऊ इतके सारखे का दिसतात, याचा एक उलगडा त्यात आहे. आणि ज्यांच्या अंगी विष नाही अशी काही फुलपाखरेही हाच वेष उसना घेऊन वावरतात. पक्षी आणि फुलपाखरू यांचा इतिहास असा एकमेकांत गुंतलेला आहे. एकाच्या डोळ्यांनी दुसऱ्याच्या पंखांवरील नक्षी घडवली आहे.

हा इतिहास सर्जापूर रस्त्यावर आणून पाहिला म्हणजे त्याचा व्यावहारिक अर्थ कळतो. बंगळूरचे तलाव निसर्गनिर्मित नव्हेत. मागील पिढ्यांनी उतारावर बांध घालून, एकाचे पाणी दुसऱ्यात जाईल अशा साखळीने ते निर्माण केले. शहाजीराजांना १६३८ च्या सुमारास बंगळूरची जहागीर मिळाली, त्या काळी या पठारावरील शेती आणि वस्ती अशाच तळ्यांवर उभी होती. सर्जापूर रस्त्याच्या आसपासचे कैकोंड्रहळ्ळी, कसवनहळ्ळी, बेळंदूर हे तलाव त्याच साखळीतील होत. विसाव्या शतकाच्या अखेरीस शहर या बाजूस धावत आले, आणि शेतीला निरुपयोगी झालेले तलाव वस्तीला अडचणीचे वाटू लागले. बेळंदूरच्या तलावात सांडपाणी इतके साचले की २०१५, २०१७ आणि २०१८ साली त्या तलावाच्या पृष्ठभागावर आग भडकलेली लोकांनी पाहिली. पाण्याचे जुने मार्ग बुजल्याचे प्रायश्चित्त सप्टेंबर २०२२ च्या पावसात मिळाले. या भागातील सुखवस्तू वसाहतींतून लोकांना नावांत आणि ट्रॅक्टरवर बसून बाहेर पडावे लागले.

परंतु याच रस्त्यावर उलट दिशेचाही दाखला आहे. सुमारे अठ्ठेचाळीस एकरांचा कैकोंड्रहळ्ळीचा तलाव २०१० च्या सुमारास रहिवासी आणि महानगरपालिका यांच्या सहकार्याने पुन्हा जिवंत करण्यात आला. काठ मोकळे झाले, पाणी साठले, आणि पक्षी परतले. धोब्याला याहून अधिक काही नको असते. ओला काठ आणि त्यावर भिरभिरणाऱ्या माश्या एवढेच तो मागतो. तलाव राखला की तो राहतो. कारण त्याची निष्ठा जागेवर आहे. आणि जागा गेली की तो परत येऊन पाहतो तो त्याच्या काठावर भिंत उभी असते. ज्याला आठवण आहे, त्याच्या नशिबी असा अपेक्षाभंग असतो.

निळ्या वाघाचे राखणे मात्र कोणत्याही एका तलावाने भागत नाही. त्याची निष्ठा जागेवर नाही, वाटेवर आहे. सह्याद्रीपासून पूर्वघाटापर्यंत जागोजाग कुंपणावर चढलेली हरणदोडी हवी, पडीक तुकड्यांत वाढलेला खुळखुळा हवा, फुलांचा रस मिळेल अशी झुडपे हवीत. नगररचनेच्या नकाशात अशा तुकड्यांना ‘रिकामी जागा’ असे नाव असते. कागदावर ज्याला नाव नाही ते सर्वांत आधी जाते. बांधाला राखणदार मिळतो, वेलीला मिळत नाही. तलावाची कागदोपत्री मोजणी होते. वाऱ्यावरील वाटेची कोणत्याही दप्तरात नोंद नसते. म्हणूनच पक्ष्याच्या रक्षणाचे शास्त्र शंभर वर्षे पुढे गेले आणि फुलपाखराचे मागे राहिले. धोब्याने आपला पत्ता दिला. वाघाने केवळ दिशा दाखवली.

राज्यकारभाराला पत्ता समजतो, दिशा समजावयास वेळ लागतो. पण समाजाच्या जीवनातही या दोन्ही रीती असतात. काही गोष्टी माणूस स्वतः परत येऊन सांभाळतो. गावचे घर, देव्हारा, विहिरीचा हिस्सा. काही गोष्टी त्याच्या हातून सुटून पुढील पिढीच्या अंगी उतरतात, आणि ती पिढी मूळ गाव न पाहताही त्याच दिशेने चालू लागते. बंगळूरच्या पठारावर शहाजीराजांच्या काळी आलेल्या मराठी कुळांचे कितीतरी वंशज आजही कर्नाटकात आणि तामिळनाडूत मराठी बोलतात. त्यांना परतीचे गाव उरलेले नाही, पण भाषेची दिशा उरली आहे. पहिल्या प्रकारच्या वारशाला जागा लागते. दुसऱ्या प्रकारच्या वारशाला सलग वाट लागते. जागा आणि वाट या दोहोंपैकी एक राखून दुसरी सोडता येत नाही.

ज्येष्ठ-आषाढाच्या सुमारास सर्जापूर रस्त्यावर वाहने खोळंबलेली असतात, तेव्हा त्यांच्या टपांवरून निळसर पंखांची एक विरळ रांग पूर्वेकडे जाते. भाद्रपदानंतर त्याच रस्त्याकाठच्या तळ्यावर, पिवळ्या पोटाचा एक सडपातळ पक्षी शेपूट हलवीत उतरतो. वराहमिहिराने त्या पहिल्या दर्शनावरून राजाचे भविष्य वर्तवले असते. आज त्याच दर्शनावरून तळ्यात पाणी उरले आहे एवढे निश्चित सांगता येते. आणि फुलपाखरांच्या त्या रांगेवरून एवढे कळते की सह्याद्रीपासून येथपर्यंतची वाट अजून पुरती तुटलेली नाही. शुभशकुन म्हणून एवढे पुरेसे आहे.